दोन लाल ठिपके

विजय नगरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत भाची नखं रंगवत बसली आहे आणि नेलपॉलिशचा तो झोंबरा, गोडसर वास स्वयंपाकघरापर्यंत आला आहे. या वासानं कुणाला लग्नघर आठवेल. मला गाडीचं इंजिन आठवतं. हसू नका. माझ्यापुरता हा वास एका मिस्त्रींचा आहे.

ह्यांच्या माघारी, पन्नाशी उलटल्यावर, मी ह्यांची गाडी चालवायला शिकले. शाळेत गणित शिकवणारी, वर्ग चिडीचूप ठेवणारी बाई मी, पण क्लच सोडताना गाडी दर वेळी बंद पाडायची. एकदा जमल्यावर मात्र काही काम नसताना शहराबाहेर सिमरोलपर्यंत एकटी जाऊन येऊ लागले. कुणाला 'जरा सोडता का' म्हणायची वेळ संपली होती. आणि मग टायमिंग बेल्ट बदलून आठवडा होत नाही, तोच गाडीतला जीव गेला. ओव्हरब्रिज चढताना तिला धाप लागे, सिग्नलला उभी राहिली की ती कापे. मोठ्या वर्कशॉपात सेन्सर बदलला, तरी तेच. इंजिन थकलंय, विकून टाका, असं तिथं सांगितलं. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. शनिवारी सकाळी, शेवटचा उपाय म्हणून, बेल्ट ज्यांनी बदलला होता त्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेले.

त्यांनी प्लग पाहिले, पेट्रोल पाहिलं, मग बेल्टवरचं झाकण काढलं. पान्यानं इंजिन हातानंच हळूहळू फिरवू लागले. खालची पुली दोनदा फिरली की बेल्टनं तिला जोडलेली वरची, कॅमशाफ्टची, बरोबर एकदा फिरते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वरच्या फेरीवर इंजिनाचा श्वास चालतो, आत घेणं नि बाहेर सोडणं. इतकी वर्षं दोनास एक हे प्रमाण फळ्यावर लिहीत आले. ते माझ्याच गाडीत मुकाट फिरत होतं, याचं मला फार नवल वाटलं.

वरच्या पुलीवर कंपनीची एक बारीक खाच असते. ती चटकन दिसावी म्हणून मिस्त्री तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देत. तो ठिपका नेमका इंजिनावरच्या खुणेसमोर आला. "टायमिंग तो एकदम बरोबर आहे, मॅडमजी," ते म्हणाले. माझा धीरच खचला. झाकण बसवायला त्यांनी उचललं, आणि थांबले. का थांबले, देव जाणे. फडकं रॉकेलमध्ये बुडवून पुलीचा एकेक दाता पुसू लागले.

मग फडकं खाली ठेवून ते पुलीवर वाकले आणि तेच दोन दाते पुन्हा पुन्हा पाहू लागले. दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती. गाडी मधे वर्कशॉपात जाऊन आली होती. दोष तिकडे ढकलून मोकळं होणं अगदी सोपं होतं, आणि मला काय कळणार होतं!

"इधर या जरा," त्यांनी सगळ्यांदेखत मला हाक मारली. "कंपनीची खाच ही इथं राहिली. ठिपका मी बाजूच्या दात्यावर लावून बसलो. और आज तपासलं भी माझ्याच ठिपक्यावरून. गलती माझी आहे, और किसी की नहीं."

एका दात्याचा फरक, आणि इंजिनाचा श्वासच चुकत होता! त्यांनी बेल्ट सोडवून खऱ्या खाचेप्रमाणे पुन्हा बसवला. दुपारी गाडी ओव्हरब्रिज अशी चढली की मला रडू आलं. रविवारच्या गिऱ्हाइकाला मी तिथूनच कळवलं, गाडी विकायची नाही.

खऱ्या खाचेवर मिस्त्रींनी नवा ठिपका दिला होता. चुकलेला पुसायला मी सुचवलं, तर म्हणाले, "राहू द्या. दिसला पाहिजे." आता ते दुकान नाही, मिस्त्री मुलाकडे दुसऱ्या गावी गेले. गाडी खाली उभी आहे आणि झाकणाआड ते दोन्ही ठिपके शेजारी शेजारी आहेत.

वर्गात फळ्यावर गणित चुकलं की माझा हात अजूनही आधी डस्टरकडेच जातो. मग आवरते. चुकलेली ओळ तशीच ठेवून मुलांना म्हणते, "इकडे बघा जरा. हे मी चुकले."