आगपेटीच्या काडीचा इलाज

मंगळवार पेठेतले ईरप्पा आण्णा गुळाची अडत मुलावर सोपवून मोकळे झाले आणि गल्लीत ज्यांच्या घरी गाण्याचा सेट होता, ते सगळे धोक्यात आले. आण्णांचा इलाज एकच. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वायर खोचतात तिथे ती सैल झाली, सेट खरखरून बंद पडू लागला, की आण्णा आगपेटीची अर्धी काडी त्या फटीत दाबून बसवत. सेट चालू होई. आण्णा चहा घेत, पैसे घेत नसत. फुकटच्या वैद्याला नावं ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरचा सेटही अधूनमधून मान टाकायचा. तिथे मात्र आण्णांनी काडीबरोबर कारणही शोधून ठेवलं होतं: पत्नी मल्लव्वा. ती पुसताना वायर ओढते, असं त्यांनी एकदा पाहुण्यांसमोर सांगितलं. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे गल्लीलाही कळलं. मल्लव्वाने वाद घातला नाही. भावाने पेनड्राइव्हवर भरून दिलेली कन्नड भक्तिवचनं ती दुपारी ऐकायची, तेवढी बंद केली. सेटवरची धूळ मग आण्णाच झटकू लागले. सेट तरीही बंद पडायचा. एकदा ओढली गेलेली वायर ती, असं ते म्हणायचे.

परवा गल्लीतल्या गणपतरावांचा सेट पुन्हा गेला. काडी अर्थात आण्णांचीच. आण्णा त्यांच्याकडे गेले आणि सवयीने विचारलं, पुसताना वायर कोण ओढतंय?

गणपतराव एकटेच राहतात. म्हणाले, "कोण ओढणार, आण्णा? तुमी काडी घातल्यापास्नं हितं फडकंसुदिक फिरल्यालं न्हाय की."

आण्णा चहा न घेता उठले. गल्लीने त्याची नोंद घेतली.

घरी येऊन त्यांनी प्लग काढला आणि आपल्या सेटचं झाकण उघडलं. काडीच्या दाबाने मागची पिन आत रेटली गेली होती आणि तिचं सोल्डरिंग तडकलं होतं. मूळचा सैलपणा किरकोळ असणार. नव्या वायरीने भागलं असतं. आणि फडकं तिथवर पोचणं शक्यच नव्हतं.

त्यांनी काडी उपसली, सोल्डरिंग नव्याने केलं, शाहूपुरीतल्या दुकानातून घट्ट बसणारी वायर आणली. एवढं काम सोपं होतं. मग ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुजा हात नव्हता. माज्या काडीनंच बिघडलंय."

"काय म्हणलासा?" मल्लव्वाला खरंच ऐकू आलं नव्हतं. इतका खालचा आवाज तिने या घरात कधी ऐकला नव्हता.

आण्णांचा हात खिडकी लावायला गेला. मग तो त्यांनी मागे घेतला आणि तेच वाक्य नेहमीच्या आवाजात म्हटलं. समोर कपडे वाळत घालणाऱ्या अंबूबाई थांबल्या.

मल्लव्वा बाहेर आली. आण्णांनी पेनड्राइव्ह पुढे केला. तिने घेतला नाही.

"तुमीच लावा. माजा हात लागला की बंद पडतंय."

टोमणा असता तर आण्णांनी सोसला असता. ती काळजीने बोलत होती.

त्यांनी लावला. वचन सुरू झालं. मल्लव्वा सेटपासून लांब, भिंतीला टेकून ऐकत राहिली. ओले हात पदराला पुसत, कोरडे झाल्यावरही पुसत.