आईच्या उंचीची गाडी

मला नवीन वस्तूंचा राग येतो. मिक्सर बदलायचा म्हटला तरी मी आठवडाभर घुश्शात असतो. त्यामुळे बायकोने गाडी बदलायचं काढलं तेव्हा मी सवयीने नाही म्हणालो, आणि तिनेही सवयीने ते कानाआड केलं. आमची गाडी लहानशी, राखाडी रंगाची, पंधरा वर्षांची होत आलेली. भिवंडीच्या खड्ड्यांनी तिचे सगळे सांधे ढिले केले होते. एसी लावला की आधी खडखडाट यायचा आणि मग कोमट वारा. पण ती सुरू व्हायची. गाडीने सुरू व्हावं, यापुढे तिच्याकडून काही मागणं म्हणजे चोचले, असं माझं मत होतं.

मत द्यायला मला सोपं होतं, कारण मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आणि चालत कामाला जातो. गाडी चालवायची ती बायको. मानकोलीच्या एका गोदामात ती हिशेब बघते. त्या रस्त्यावर पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मधे आमची बुटकी गाडी. ट्रकवाल्याला ती खिडकीतून वाकल्याशिवाय दिसायची नाही. म्हणून बायकोला उंच गाडी हवी होती. आमच्या मेकॅनिकनेही बॉनेट आपटून निकाल दिला होता, "भाभी, इंजन में जान है. बाकी गाड़ी थक गई है." मी तेवढं पहिलं वाक्य उचललं आणि महिनोन्‌महिने घरात ऐकवत राहिलो.

पण खरी अडचण मी नव्हतो. खरी अडचण आई होती.

आई मानकोलीजवळच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन भिवंडीत कारकुनाच्या घरी आली, तरी बोलणं तिने माहेरचंच ठेवलं. काही वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला. त्यातून ती उठली, पण डावा पाय कायमचा जड झाला. घरात भिंतीच्या आधाराने चालायची. बाहेर जायचं तर तिची एकच अट, कुणी उचलायचं नाही. एकदा रिक्षावाल्याने भल्या मनाने तिच्या काखेत हात घातला, तर तिने रिक्षाच परत पाठवून दिली आणि लग्नाचं जेवण बुडवलं. वर दिवसभर त्या रिक्षावाल्याचा उद्धार.

राखाडी गाडीत मात्र ती स्वतःची स्वतः बसायची. तिने युक्ती बसवली होती. उघड्या दारात गाडीकडे पाठ करून उभी राहायची, उजव्या हाताने वरचा दांडा धरायची आणि मागे टेकायची. मग उजवा पाय आत. मग दोन्ही हातांनी निऱ्यांसकट डावा पाय उचलून आत. त्या वेळी आम्ही तिच्याकडे बघत उभं राहायचं नाही, इकडेतिकडे काहीतरी बघायचं, असा अलिखित नियम होता. बसली की ती म्हणायची, "हां, चला." त्या "चला"वर ती भजनाला गेली, भावाकडे गेली. आणि माहेरची हळद असली की विचारायलाच नको. गोदामांच्या मधे उरलेल्या त्या गावात रात्र रात्र हळद चालते, आणि मांडवात पहिल्या रांगेची खुर्ची आईची. कुणाच्या सुनेने कुठली साडी नेसली होती, हे तिला पुढची हळद येईपर्यंत पुरायचं.

शेवटी मागच्या दिवाळीनंतर आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. विक्रेता कोवळा, टायवाला, गाडीच्या छताला खिडकी असण्याचे फायदे सांगत होता. मी त्याला विचारलं की भिवंडीत छत उघडून धूळ सोडून आत काय येईल. बायकोने मला कोपराने ढोसलं. तिला हवी ती पांढरी उंच गाडी तिथे उभी होती. तिने दार उघडलं आणि नुसतं आईकडे पाहिलं.

आई पाठ करून उभी राहिली. दांडा धरला, मागे टेकायला गेली, तर सीट पार तिच्या कमरेपर्यंत. तिने टाच उचलली, जोर केला, पुन्हा केला. नाही जमलं. विक्रेत्याने पायरी बसवून देतो म्हटलं, पण त्या पट्टीवर डावं पाऊल टिकेना. स्टूल आणलं, ते डुगडुगलं. तेवढ्यात तो बिचारा घाबरून पुढे झाला आणि त्याने आईचा दंड धरला. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात मागे घेतला आणि टाय सारखा केला.

शेजारी बुटकी गाडीही होती. आई तिच्यात सहज बसली असती. पण तशीच घ्यायची तर बदलायची कशाला, आणि ट्रकवाल्याला ती तरी कुठे दिसणार होती. घरी आल्यावर बायको स्वैपाकघरातून म्हणाली, "राहू दे. आहे ही चालवू." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या नेहमीसारख्या आवाजाची किंमत मला कळते. पलीकडच्या खोलीत आईलाही ते ऐकू गेलं असणार, कारण आमच्या घरात सगळ्यांना सगळं ऐकू जातं.

मग पौषात एका संध्याकाळी मानकोली नाक्यावर, वळणाच्या ऐन मधोमध, गाडी बंद पडली. मागून येणाऱ्या कंटेनरने ब्रेक दाबला तो अगदी काचेपाशी येऊन. लोकांनी ढकलून गाडी कडेला लावली. बायको रिक्षाने घरी आली, काही झालं नाही म्हणाली, आणि आईला चहा द्यायला गेली. कप बशीत थडथडत होता. आईने तो तिच्या हातातून काढून घेतला, खाली ठेवला आणि तिचा हात आपल्या मांडीवर धरून बसली. मी मेकॅनिकला फोन लावून त्याच्यावर ओरडलो, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याने गाडी पुन्हा सुरू करून दिली.

त्यानंतर आमच्या दिवाणाला काहीतरी व्हायला लागलं. हा दिवाण पुढच्या खोलीत, खिडकीला लागून. मी ऑफिसातून आलो की त्यावर टेकून मोजे काढतो. एक दिवस टेकताना मला वाटलं, आपण जरा वर आलो. काही दिवसांनी पाय जमिनीला लागेनात. पाहिलं तर गादीच्या खाली कपाटातल्या गोधड्या. मी चिडलो. आईला विचारलं तर म्हणाली, खाली वाकून बसलं की कंबर धरते. बायकोला विचारलं तर तिला माहीत नव्हतं. पुढे त्यावर आणखी एक गोधडी आली, मग आणखी. मी मोजे काढायला खुर्चीवर जाऊ लागलो आणि या घरात माझं काही चालत नाही, असं जाहीर केलं.

मग एके दिवशी अंगात कसर होती म्हणून मी दुपारीच घरी आलो. दाराला कडी नव्हती. आत पाऊल टाकणार तोच आई दिसली. ती दिवाणाकडे पाठ करून उभी होती. उजव्या हाताने खिडकीचा गज धरला होता. तिने टाच उचलली, दात आवळले, आणि अंग मागे झोकलं. अर्धी बसली, घसरली, पुन्हा उभी राहिली. पदराने तोंड पुसलं. पुन्हा गज धरला. या खेपेला बसली. उजवा पाय वर घेतला, निऱ्यांसकट डावा घेतला, आणि खिडकीबाहेर बघत, कुणी नसताना, हळूच म्हणाली, "हां, चला."

मला दारातच रडू आलं. माझ्या आईचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तिला आवाज देण्याची हिंमतही झाली नाही. मी मागच्या पावली खाली उतरलो, कोपऱ्यावर चहा प्यायलो, आणि पुरेसा वेळ काढून, जिन्यात मुद्दाम खोकत परत आलो. आई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. बायकोलाही मी काही सांगितलं नाही. ते सांगणं आईचं होतं.

तिने ते होळीनंतर सांगितलं, म्हणजे हुकूमच सोडला. भावाच्या नातीची हळद जवळ आली होती. बायको कामावरून येऊन चपला काढत होती, तर आई म्हणाली, "काढू नको. त्या दुकानात जाऊ, पांढऱ्या गाडीच्या."

बायको म्हणाली, "आई, मला चालतेय ही. खरंच."

"तुला रोज जायचं हाय. मला कधीमधी. चल."

शोरूममध्ये तोच टायवाला होता. आईला पाहून तो दोन पावलं मागेच उभा राहिला, शहाणा झाला होता. आईने पाठ केली, दांडा धरला. मी नियमाप्रमाणे दुसरीकडे बघायला हवं होतं, पण नाही बघितलं. तिने टाच उचलली आणि एका झोकात वर गेली. उजवा पाय आत. निऱ्यांसकट डावा पाय आत. बायको तोंडावर हात धरून उभी होती. आईने समोरची काच पाहिली, सीट हाताने दाबून पाहिली आणि मग पाय बाहेर सोडून आपली आपण खाली उतरलीसुद्धा. म्हणाली, उतरायला ही बरी, जुनीतून तर विहिरीतून निघाल्यासारखं निघावं लागायचं.

हळदीला आम्ही पांढऱ्या गाडीतून गेलो. मांडवाच्या तोंडाशी आई सगळ्यांदेखत उतरली, आणि सगळ्यांनी पाहावं म्हणून जरा सावकाशच उतरली, असं माझं म्हणणं आहे. जुनी गाडी मेकॅनिकनेच घेतली. इंजिनात जान आहे, हे मी त्याला दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने दिवाण आवरायला घेतला. गादी उचलली तेव्हा तिला खालच्या सगळ्या गोधड्या एकदम दिसल्या. तिने त्या थराच्या वरच्या कडेला हात लावला आणि तोच हात आपल्या कमरेशी नेऊन पाहिला. मग डोळे पुसून एकेक उचलून कपाटात ठेवू लागली. पलीकडून आई बघत होती.

"राहू दे त्या," आई म्हणाली. "पुढली गाडी याच्याहून उंच घेतलीस तर?"