मामांनी लावलेले भांडण

गावप्रमुखांच्या उजव्या हाताला एक तीनपायी स्टूल असे. त्यावर माझे मामा, लामेकी, बावीस वर्षे बसले. दर गुरुवारी काचेरेच्या वडासारख्या झाडाखाली गावाचा न्याय होई. प्रमुख ऐकून घेत, उलटतपासणी मामा करत आणि निकालही बहुधा मामांच्याच तोंडून बाहेर पडे. दोन्ही पक्षांनी येताना एकेक कोंबडी आणायची, ही रीत. त्यातली एक त्याच दुपारी शिजे आणि मक्याच्या उकडीच्या, न्सिमाच्या, गोळ्याबरोबर पंचांच्या पोटात जाई. आमच्या घरात बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. मला शाळेत घालणारे आणि पुढे राजधानीत, लिलाँग्वेच्या कॉलेजात धाडणारे तेच. मी तिथल्या कोर्टात कारकून झालो, तेव्हा त्यांनी सगळ्या गावाला सांगितले होते, "माझं स्टूल चालवायची तयारी करतोय पोरगा."

मामांची स्मरणशक्ती दांडगी होती. नऊ वर्षांपूर्वी कुणाची शेळी कुणाच्या मळ्यात शिरली, हे ते वारासकट सांगत. पण दुसऱ्याचे बरे झालेले त्यांना सोसवत नसे. कुणाच्या घरावर पत्रे चढले, की ते म्हणत, "पावसात त्या घरात नवऱ्याला बायकोचं बोलणं ऐकू यायचं नाही. बिचारा!" हा स्वभाव निरुपद्रवी होता, एनेलेसी येईपर्यंत.

म्हणजे एनेलेसी गावातच होती. चाळिशीची विधवा, बाजाराच्या तिठ्यावर मंदासी, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून विकणारी. एकदा नणंदेशी भांडली म्हणून मामांनीच तिच्याकडून कोंबडी घेतली होती. पण त्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणि झोम्ब्याच्या कॉलेजातून काही माणसे आली. तुरुंगात माणसे पाळीपाळीने कुशीवर झोपतात, आणि कोंबडी चोरून आत गेलेला बाहेर येताना सायकल चोरायला शिकून येतो, असे त्यांचे म्हणणे. माझ्या टेबलावरच्या फायली रोज पाहत असल्यामुळे मला ते नवीन नव्हते. लहानसहान चोऱ्या आणि मारामाऱ्या पोलिसांकडे न जाता गावातच मिटल्या, तर तीच माणसे पुन्हा गुन्हा कमी करतात का, हे त्यांना तपासायचे होते. त्यासाठी साठ गावांत एकेक मध्यस्थ नेमायचा, दुसऱ्या साठ गावांत नेमायचा नाही, आणि वर्षाने दोन्हीकडे जाऊन विचारायचे. गावे निवडली पिशवीतून चिठ्ठ्या काढून, आणि आमचे गाव मध्यस्थ मिळणाऱ्यांत निघाले.

"चिठ्ठ्या काढून!" मामा मला म्हणाले. "न्याय आहे की जत्रेतली सोडत!"

खरी ठेच पुढे लागली. प्रमुखांनी मध्यस्थ म्हणून मामांचेच नाव सुचवले होते. पाहुण्यांनी नम्रपणे सांगितले, की जो निकाल देतो त्याला मध्यस्थ होता येत नाही. मग बायकांनी एनेलेसीचे नाव पुढे केले. अकरा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन ती परत आली आणि दर मंगळवारी तिच्या ओसरीवर माणसे येऊ लागली.

तिच्याकडे कोंबडी द्यावी लागत नसे आणि निकालही मिळत नसे. एकच नियम होता: स्वतःचे गाऱ्हाणे मांडण्याआधी समोरच्याचे गाऱ्हाणे आपल्या तोंडाने सांगायचे, आणि समोरचा "हो, हेच माझं म्हणणं" म्हणेपर्यंत सांगत राहायचे. तिथे बोललेले ओसरीबाहेर जायचे नाही. प्रत्येकाने घरचे किंवा ओळखीचे एक माणूस सोबत आणायचे.

"पोपटांची शाळा," मामा म्हणाले. पण गुरुवारी काचेरेखाली माणसे कमी होत गेली, आणि मंगळवारी मामांना बाजाराकडे जाण्याची कारणे सापडत गेली. मीठ संपे, काडेपेटी संपे. वाट तिच्या ओसरीवरूनच होती. एनेलेसी रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार करी, "कसे आहात, बाबा?" आणि मामा न थांबता म्हणत, "अजून आहे."

घरी मात्र बोलणे तिच्याविषयीच असे. "तिचा आवाज मेला उंदराएवढा. तिचं ऐकतात कसे? मी बावीस वर्षं घसा फोडला." मामी एकदा म्हणाली, "तिचं नाव तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घेता हो." त्यावर मामा ताट अर्धे टाकून उठले.

वर्ष भरत आले तेव्हा मी लांब रजेवर गावी होतो. झोम्ब्याच्या कॉलेजातली एक मुलगी कागद घेऊन पुढच्या महिन्यात येणार, मिटलेली भांडणे मिटलेलीच राहिली का ते विचारणार, हे गावाला कळले होते. मिटलेली टिकली असतील तर एनेलेसीचे काम कायमचे होणार आणि पोलीसचौकीकडचे किरकोळ खटलेही तिच्याकडे येणार. मग मामांच्या स्टुलाला काही अर्थ उरणार नव्हता.

आमच्याकडे एक जुना दंडक आहे. गावाचा एखादा निकाल चुकीचा ठरला, तर तो देणाऱ्याने स्टुलावरून उतरून चटईवर बसायचे. शंभर निकाल बरोबर आले असले तरी एक चुकला की उतरायचे. मामांनी झोम्ब्याच्या मुलीची तपासणीही त्याच मापाने मोजली.

"एक," त्यांनी बोट वर केले. "तिनं मिटवलेलं एकच भांडण पुन्हा पेटलं की झालं. बाई चटईवर."

"मामा, ती माणसं तसं मोजत नाहीत," मी म्हणालो.

"तू कारकून आहेस. फायलींना दोरी बांध."

त्यांनी केनानी आणि झाकेयो या दोघांना बोलावले. दोघे शेजारी, ओढ्याकाठी दोघांचे भाजीचे वाफे लागून. ठरले असे: झाकेयोने पाणी अडवले म्हणून केनानीने त्याला कुदळीच्या दांड्याने मारले, असा बहाणा करायचा. एनेलेसीकडे जाऊन मिटवायचे, आणि झोम्ब्याची मुलगी आली त्या दिवशी बाजारात सगळ्यांसमोर पुन्हा जुंपायचे.

"आम्हाला काय मिळणार, नदुना?" केनानीने विचारले. मामांच्या पदाचे ते नाव.

"एकेक कोंबडी."

"तुमच्या घरून कोंबडी बाहेर पडणार? मग खरंच मारतो मी त्याला," केनानी म्हणाला, आणि दोघे खो खो हसले. झाकेयो जरा उशिरा हसला, हे माझ्या लक्षात आले होते. मी तेव्हा बोलायला हवे होते. बोललो नाही.

मंगळवारी केनानीचे वडीलधारे म्हणून मामा आले, आणि झाकेयोने शाळासोबती म्हणून मला घेतले. पुढे जे झाले ते त्या दोघांनी बऱ्याच महिन्यांनी स्वतःच गावभर सांगितले, म्हणूनच मी ते लिहितो आहे.

केनानीने पढवलेले गाऱ्हाणे झकास म्हटले. टोमॅटो सुकले, मिरची सुकली, रागाच्या भरात हात उचलला. झाकेयोने ते जसेच्या तसे परत सांगितले. मामांनी समाधानाने तपकीर ओढली.

मग झाकेयोची पाळी आली. "यानं मला दांड्यानं मारलं," तो म्हणाला.

"केनानी, तो काय म्हणाला?" एनेलेसीने विचारले.

"मी त्याला दांड्यानं मारलं म्हणतो."

"झाकेयो, एवढंच?"

"एवढंच, आई."

तिची ही सवय मामांना सर्वांत असह्य होई: प्रश्न विचारून झाल्यावर ती नुसती बसून राही. ओसरीखाली कोंबड्या माती उकरत होत्या.

"नाही," झाकेयो म्हणाला. "आणखी आहे. मी चार महिने आत होतो. हा एकही दिवस आला नाही."

तपकिरीची डबी मामांच्या हातात उघडीच राहिली. दोन वर्षांपूर्वी गावप्रमुखांच्या कोठारातून मक्याचे पोते गेले होते. झाकेयोच्या दारापर्यंत दाणे सांडलेले सापडले, आणि काचेरेखाली मामांनी त्याला चोर ठरवून पोलिसांच्या हवाली केले. खटला उभा राहीपर्यंत चार महिने गेले, आणि शेवटी पुराव्याअभावी त्याला सोडून दिले. पण गावाच्या निकालाने तो चोर होता तो चोरच राहिला.

"अरे, हे कुठं आपलं..." केनानी पुटपुटला.

"तो काय म्हणाला ते सांग, बाळा."

"म्हणतो, चार महिने मी गेलो नाही."

"हे नाही," झाकेयो म्हणाला. "एकही दिवस आला नाहीस. असं म्हण."

"एकही दिवस आलो नाही."

"बायको चालत जायची, पाठीवर पोर घेऊन. तिच्या हाती तू रताळंसुद्धा दिलं नाहीस. म्हण."

"बायको चालत जायची. मी रताळंसुद्धा..." केनानीने दोन्ही हातांनी डोके धरले. "कसा येऊ? कोणत्या तोंडानं येऊ? पोतं माझ्या भावाच्या खाटेखाली होतं, झाकेयो! त्यानंच तुझ्या दारापर्यंत दाणे सांडले. मला तिसऱ्या दिवशी कळलं. चौथ्या दिवशी तो जोहान्सबर्गची बस धरून गेला."

मग एनेलेसी झाकेयोकडे वळली. "हा काय म्हणाला, ते सांगता येईल का तुला? आज नाही आलं तरी चालेल."

झाकेयोने ते त्या दिवशी सांगितले नाही. तो आणखी दोनदा त्या ओसरीवर गेला, आणि तिसऱ्या मंगळवारी सांगितले. कुदळीच्या दांड्याची आठवण मग कुणालाच राहिली नाही.

मामांना मात्र त्या पहिल्या मंगळवारी घरी परतताना वाट लांब वाटली. आपला निकाल चुकला होता, आणि हे चार माणसांना ठाऊक होते. त्यातल्या एका माणसाच्या, एनेलेसीच्या, हातात त्यांचे स्टूल होते. ते उद्या गावभर होईल, परवा होईल, अशी वाट पाहत ते आठवडाभर बसले. काहीच झाले नाही. एनेलेसी भेटली, की पूर्वीसारखीच गुडघे टेकून विचारी, "कसे आहात, बाबा?"

शेवटी त्यांनी तिला तिठ्यावर गाठले. मी बरोबर होतो.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"काय, बाबा?"

"उगाच भोळेपणा नको."

"ओसरीवरचं ओसरीवर राहतं, बाबा. मंदासी घेता का? गरम आहेत."

मामा मंदासी न घेताच निघाले. "ऐकलंस? तिनं मला स्टूल ठेवून दिलं! ती कोण मला स्टूल देणारी?"

झोम्ब्याची मुलगी आली ती सायकलवर मागे बसून. तमांदा तिचे नाव. तिने घरोघर जाऊन विचारले, केनानी आणि झाकेयो यांनाही विचारले. बाजारात कुणीही जुंपले नाही. ते दोघे त्या वेळी वाफ्यांवर होते, आणि मामांनीही कोंबड्यांचा विषय काढला नाही. गावातले वडीलधारे म्हणून ती मामांकडेही आली. चटई टाकली, पाणी दिले.

"मध्यस्थबाईंनी मिटवलेली भांडणं टिकतात का, बाबा? तुमचं मत."

मामांनी दाराबाहेर पाहिले. "टिकतात," ते म्हणाले. दात उपटल्यासारखा तो शब्द आला. मग त्यांनी विचारले, "समज, एक फुटलं असतं. तर बाईचं काम गेलं असतं?"

"एकानं काय होतंय! सगळ्या गावांची सरासरी काढतो आम्ही. काही तर फुटणारच."

"काही फुटणारच," मामा सावकाश म्हणाले. "आणि मग माझ्या निकालांचं काय लिहिलंयस?"

तिने कागद उलटून पाहिले. "त्यासाठी रकाना नाही, बाबा."

"वर्षानं कुणी विचारत नाही, ते टिकले का म्हणून?"

"नाही."

ती गेल्यावर मामा बराच वेळ चटईच्या काठाचे धागे ओढत बसले. "तिचं भांडण मिटतं, तर बाई झोम्ब्याहून विचारायला येते. मी बावीस वर्षं... मला कुत्रं विचारत नाही." त्यांच्या आवाजात मला लाज ऐकू आली असे मी म्हणणार नाही. मला त्यात मत्सरच ऐकू आला, नेहमीचा, पत्रे चढलेल्या घरांविषयीचा.

गुरुवारी ते काचेरेखाली गेले. त्या दिवशी प्रमुखांच्या पुतण्याच्या वाटणीचा तंटा होता म्हणून सगळा गाव जमला होता. प्रमुखांनी सुरुवात करण्याआधीच मामा उभे राहिले. त्यांचा आवाज जुन्या सवयीने शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला.

"मक्याच्या पोत्याचा निकाल मी दिला होता. तो चुकला. झाकेयोनं पोतं नेलं नव्हतं. मला कसं कळलं ते विचारू नका, कुणी नेलं तेही विचारू नका. त्याचे चार महिने माझ्यामुळं गेले. माझ्या निकालाची चौकशी करायला झोम्ब्याहून कुणी येत नाही, म्हणून मीच करतोय."

ते स्टुलावरून बाजूला झाले आणि चटईवर, पुरुषांच्या तिसऱ्या रांगेत, जागा करून बसले. प्रमुखांनी दोनदा हाक मारली तरी ते परत गेले नाहीत. झाकेयो एका बाजूला उभा होता. तो जवळ आला नाही, पण निघूनही गेला नाही. बायकांच्या बाजूला एनेलेसी मान खाली घालून बसली होती.

घरी जाताना मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यांचे गुडघे दुखत होते. चटईची त्यांना सवय नव्हती. अर्ध्या वाटेत ते थांबले, मागे काचेरेकडे वळून पाहिले आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"खरं सांग. तिच्या ओसरीवर एवढी माणसं कधी जमली होती का?"