मेघनाचा डावा तळहात

"हूक ऑफ हॅमेट फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. हॅमेट हे तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूला असलेलं छोटं हाड. त्याला पुढे हुकासारखा एक आकडा असतो. माझ्या मुलीच्या, मेघनाच्या, डाव्या हातातला तो आकडा मुळापासून तुटला होता. ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले.

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हा माणूस आपल्याला फसवतोय.

महिन्याभरापूर्वीच सरस्वतीपुरममध्ये, आमच्या घराजवळच्या क्लिनिकमध्ये, तिने एकटीने जाऊन मनगटाचा एक्स-रे काढून घेतला होता. त्यात काही नव्हतं. 'स्प्रेन', म्हणजे मुरगळ, असं सांगून पट्टा बांधायला दिला होता. दोघांपैकी एक डॉक्टर चुकत होता, आणि माझ्या मते तो चाकू हातात घेणारा होता.

मेघना व्यावसायिक गोल्फर आहे. तिची तिकिटं, हॉटेलं, स्पर्धांच्या एन्ट्री मीच बघते. तेव्हा क्वालिफाइंग तोंडावर आलं होतं. त्या स्पर्धेत निभावलं तर पुढचं वर्षभर मोठ्या स्पर्धांत खेळता येतं, नाही तर वर्ष घरी बसून जातं. म्हणून आम्हाला दोघींनाही दुखणं परवडणारं नव्हतं.

खरं तर माझा संशय डॉक्टरांआधी तिच्यावरच होता, की ही काहीतरी लपवतेय. गोल्फर डाव्या हातात ग्लोव्ह घालतात. ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर आलं, की तो काढून मागच्या खिशात खोचतात. तिथे चेंडू हलकेच ढकलायचा असतो, आणि उघड्या तळव्याला दांडा नीट कळतो. मेघना शाळेत असल्यापासून न चुकता ग्लोव्ह काढायची. त्या मोसमात काढेना. मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडून बघत होते. एकाही ग्रीनवर नाही.

"ग्लोव्ह का काढत नाहीस गं?"

"सवय बदलली."

"कुणी सांगितलं बदलायला?"

"अय्यो अम्मा, सुम्ने, गप्प बस ना! घर आहे का पोलीस स्टेशन?"

मी विचारणं सोडलं, पण लक्ष ठेवून राहिले. एका सकाळी इडलीच्या पिठाचा डबा तिच्या डाव्या हातातून निसटला. करंगळीला मुंग्या येतात, हे तेव्हा कुठे बाहेर आलं. त्याच दिवशी तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. त्यांनी सीटी स्कॅन केला. या तपासणीत हाडाचे पातळ काप केल्यासारखी चित्रं दिसतात.

"पण एक्स-रेत काहीच नव्हतं," मी डॉक्टरांना ऐकवलं.

त्यांनी माझ्याकडे न बघता मेघनाला विचारलं, "हाताला काय झालं म्हणून सांगितलं होतंस तिथे?"

ती खाली बघत म्हणाली, "जिम. डंबेल उचलताना दुखावला म्हणून सांगितलं."

"आणि गोल्फ?"

"गोल्फ म्हटलं असतं तर खेळ बंद करायला सांगितलं असतं."

डॉक्टरांनी समजावलं. नेहमीचा एक्स-रे वरून आणि बाजूने काढतात. हा आकडा इतर हाडांच्या मागे लपतो. गोल्फ कळलं असतं, तर वेगळ्या कोनातून फोटो काढला असता. म्हणजे क्लिनिकचे डॉक्टर फारसे चुकले नव्हते. आमच्याच मुलीने त्यांना चुकीच्या वाटेला लावलं होतं.

तरी माझं समाधान झालं नाही. कारण तुटलेला तुकडा जोडायचा नव्हता, काढून टाकायचा होता. त्याला एक्सिजन म्हणतात. हाडच काढलं तर ही दांडा धरणार कशाने? मी तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मेडम, उद्या हिची एक स्टिक घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी तिचा लोखंडी क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, घेऊन हॉस्पिटलच्या दारात उभी. वॉचमनने अडवलं. "एनम्मा, यारिगे होडियोक्के?" कुणाला मारायला निघालात? "अजून ठरवलं नाही," मी म्हटलं.

डॉक्टरांनी तो क्लब माझ्याच डाव्या हातात दिला आणि घट्ट धरायला लावला. दांड्याचं टोक नेमकं त्या आकड्यावर टेकलं. प्रत्येक फटक्याला ते तिथेच आदळतं. धरायचं काम बोटं करतात, तुकडा नुसता टोचत राहतो. उघड्या तळव्याला तो जास्तच टोचायचा, म्हणून ती ग्रीनवरही ग्लोव्ह काढत नव्हती. मग मी न मागता त्यांनी स्कॅनची सीडी माझ्यापुढे ठेवली. "दुसरीकडे दाखवून या. नाहीतर तुम्ही मला झोपू देणार नाही."

मी बेंगळुरूला दाखवून आले. तिथेही तेच सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी तिच्या डाव्या हातावर पेनाने बाण काढला होता. तो मी दोनदा तपासला. नर्सबाई हसल्या. हसू दे. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही तपासा. आणि डॉक्टरांना आपण त्या हाताने काय काम करतो हे आधी सांगा, दुखणं नंतर.

टाके निघाले. व्रण चोळणं आणि स्पंज दाबणं सुरू झालं. क्वालिफाइंगला थोडेच दिवस उरले असताना डॉक्टरांनी पूर्ण ताकदीचा फटका मारून बघायला परवानगी दिली. दुखलं तर लगेच थांबायचं, ही अट. मेघना मैदानावर एकटीच गेली. "तू येऊ नको, तुझ्याकडे बघून मी खोटं बोलते," असं सांगून गेली.

मी घरी बसून होते. 'मस्त, काही नाही झालं,' असंच ती म्हणणार आणि मला ते खरं वाटणार नाही, हे मी धरूनच चालले होते.

फोन आला. "अम्मा, दुखलं. थांबले. माझं नाव काढून टाक."

"खरंच दुखलं?"

"अय्यो, दुखतंय म्हटलं तरी संशय?"

मी एन्ट्री रद्द केली. ते वर्ष गेलं. आता तिचे पूर्ण फटके बसतात, आणि पुढच्या क्वालिफाइंगला नाव दिलं आहे. जमेल की नाही, ठाऊक नाही. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण एन्ट्री रद्द करून मी फोन खाली ठेवला, तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी हायसं वाटलं. कुठे दुखतं हे माझ्या मुलीने मला, मी न विचारता, सांगितलं होतं.