बॉनेटवरची आई

मी आणि नवरा घरी वर्षभरात जेवढं भांडत नाही तेवढं एका बॉनेटवर भांडतो. घरी तो गरीब गाय आहे. भाजीत मीठ कमी पडलं तरी गुपचूप उठतो आणि स्वतः घेऊन येतो. पण हातात रेडियमचा मोठा कागद आला की त्याच्या अंगात येतं. "ओढू नकोस!" "अगं, वर धर!" "लक्ष कुठंय तुझं?" आणि मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. उस्मानपुऱ्यात आमचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही, आवाजाच्या दिशेनं चालत यायचं.

गाडीवर चिकटवायच्या सगळ्याच स्टिकरांना आमच्याकडं रेडियम म्हणतात, मग ते रात्री चमको न चमको. रिक्षाच्या मागं पोरांची नावं, ट्रकच्या माथ्यावर कुलदैवत. सपाट काचेवर हे काम कुणीही करील. खरी परीक्षा फुगीर पत्र्यावर असते. साबणाचं पाणी मारायचं, मागचा कागद सोलत जायचं, मधून कडेकडं प्लास्टिकच्या पट्टीनं पाणी आणि हवा बाहेर ढकलायची. जिथं चुणी पडेल तिथं हीट गननं गरम करायचं आणि अगदी हलकं ताणायचं. मोठ्या कागदाला चार हात लागतात. लग्नानंतर मी या धंद्यात पडले ती त्यातल्या दोन हातांपायी.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी फुलंब्रीकडचा एक शेतकरी नवीकोरी पांढरी पिकअप घेऊन आला. तिशीतला असेल. सोबत त्याचे वडील होते, धोतर-टोपीतले, कमी बोलणारे. ते दुकानाबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. मुलगा म्हणाला, "आईचा फोटो लावायचाय. बॉनेटवर."

नवऱ्यानं लगेच त्याला मागची काच दाखवली. सगळे मागंच लावतात, सपाट असते, छान बसतं, असं काय काय सांगितलं. मुलगा ऐकेना.

"मागं नको. आई जलमात फुलंब्रीच्या पुढं गेली नाय, अन् गेली ती दवाखान्यातच. गाडी घे, गाडी घे म्हणून माझ्या मागं लागली व्हती. आता घेतली तर तिला रस्ता दिसला पाहिजे."

मी फोटो मागितला. त्यानं मोबाईल पुढं केला. आजारपणात कुठल्याशा कार्डासाठी काढलेला फोटो होता. गाल आत गेलेले, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, आणि एवढ्याशा चेहऱ्यावर ते मोठं गोल कुंकू. दुसरा फोटोच नव्हता. फोटो म्हटलं की ही बाई चुलीमागं पळायची म्हणे.

बाकड्यावरून वडील बोलले, "त्यो फोटो नको म्हणून मी घरीच सांगितलंय. दुखण्यात रातंदिस त्येच तोंड बघितलं मी. आता गाडीवर बी त्येच? तुला लावायचा तर लाव. मी त्या गाडीत बसणार नाय."

असं म्हणून ते उठले आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहिले.

मुलगा आमच्याजवळ हळू आवाजात म्हणाला, "ताई, गाडी घेतली ती दोघांना फिरवायला. एक गेली. हे बी बसणार नसले तर मी काय नुसतं शेतातलं अद्रक वाहू?"

मी म्हटलं, कॉम्प्युटरवर गाल थोडे भरून घेऊ का? हल्ली सगळं होतं. तो एकदम नाही म्हणाला. "मग ती आई राहत नाय, कुणीबी बाई हुईल. हाय तस्साच लावा. बाबांचं मन वळंल." संध्याकाळी गावात गाडीची पूजा होती. नारळ, हार आणायला तो वडलांना घेऊन गेला.

मी औरंगपुऱ्यातल्या प्रिंटवाल्याकडून प्रिंट काढून आणली, परातीएवढा चेहरा. ती बॉनेटवर धरली तेव्हाच अडचण दिसली. बॉनेटच्या बरोबर मध्ये उंचवटा होता आणि नाक नेमकं त्यावर येत होतं. नवरा उजवीकडं, मी डावीकडं. कपाळ छान बसलं, डोळे बसले. गालापाशी आलो आणि दोन्ही कानांजवळ चुण्या पडल्या.

हीट गन फिरवली. रेडियम मऊ पडलं. अशा वेळी एकानं ताणायचं आणि दुसऱ्यानं ढील द्यायची, हा नियम.

"सोड," नवरा म्हणाला.

"तुम्ही सोडा."

"अगं, चुणी माझ्याकडं आहे."

"माझ्याकडं नाही का? डोळे आहेत मला."

कुणीच सोडलं नाही. चुण्या गेल्या, अगदी साफ गेल्या. नवऱ्यानं पट्टी फिरवली, सगळं घट्ट बसलं, आणि आम्ही दोन पावलं मागं येऊन बघितलं तर चेहरा दोन्हीकडून बोटबोटभर रुंद झालेला. गोल कुंकू आडवं लांबट झालं होतं, गाल फुगले होते.

नवरा डोक्याला हात लावून पायरीवर बसला. माझ्या ताणण्यामुळं हे झालं यावर त्याचा ठाम विश्वास होता आणि त्याच्या ताणण्यामुळं झालं यावर माझा. त्याचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता उपटून काढू, दुसरी प्रिंट आणू. एकदा बसलेलं रेडियम निघतं ते चिंध्या होऊनच. मी म्हटलं, थांबा हो जरा.

शेजारच्या सीट कव्हरवाल्या चाचांनी सकाळी तो फोटो बघितला होता. ते चहाचा ग्लास घेऊन आले, बॉनेटपुढं थांबले आणि म्हणाले, "फोटू बदल दिया क्या, भाभी?"

नवऱ्याला ते टोमण्यासारखं लागलं. मी मात्र परत बघितलं, आणि खरं सांगते, मला ती बाई आवडली. सकाळी तिच्याकडं बघवत नव्हतं. आता ती कुणाच्या तरी ओसरीवर बसून शेंगा फोडणारी, आल्यागेल्याला चहा विचारणारी बाई दिसत होती. पण मला आवडून काय उपयोग? मी काही तिच्या घरची नव्हे.

तेवढ्यात बापलेक आलेच. नवरा प्रामाणिक माणूस, नको तिथंही प्रामाणिक. पुढं होऊन म्हणाला, "काका, कागद जरा ताणला गेलाय. आमची चूक झाली. मी लगेच दुसरा..."

मी त्याच्या पायावर पाय दिला.

काका बॉनेटकडं न बघताच आले होते, मान खाली घालून. नवऱ्याच्या बोलण्यानं त्यांनी वर पाहिलं. बघत राहिले. मुलगा त्यांच्या तोंडाकडं बघत होता, गाडीकडं नाही. मीही तेच करत होते.

"कुंकू असंच व्हायचं तिचं," काका म्हणाले. "आरशात कवा बघायची? घाईघाईत बोट फिरवायची, की झालं. मी हसायचो तिला."

मग बॉनेटच्या जवळ सरकत म्हणाले, "गाल बी असेच व्हते. दुखण्याच्या आधी."

मुलानं तोंड फिरवलं आणि हाराची पिशवी उगीच या हातातून त्या हातात घेतली. माझ्या डोळ्यांना धार लागली. नवरा पाय चोळत उभा होता.

पण धंद्यातली एक गोष्ट सांगणं भाग होतं. ताणलेलं रेडियम उन्हात हळूहळू आपल्या मूळ मापावर यायला बघतं. कडा उचलतात, कागद आकसतो. मी तसं सांगितलं तर काका घाबरलेच.

"म्हंजे परत तशीच दिसंल?"

"नाही दिसणार, काका. ताणलं तिथं परत चांगला शेक दिला की ते जुना आकार विसरतं."

"मग दे, माय. लई शेक दे."

मी हीट गन घेतली आणि आधी एका गालावर, मग दुसऱ्या गालावर सावकाश फिरवली. नवरा मागून मऊ फडक्यानं दाबत आला. दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. चाचा नंतर म्हणाले, आज दुकान बंद आहे की काय असं वाटलं.

झाल्यावर काकांनी विचारलं, "हात लावू का?" मी हो म्हटलं. त्यांनी तळवा धोतराला पुसला आणि बॉनेटवर, गालावर ठेवला.

मुलानं पुढचं दार उघडून धरलं होतं. "बाबा, बसा आता. पूजेला उशीर हुईल."

"बसतो की. घाई काय हाय," काका म्हणाले. "गरम हाय अजून." आणि हात तसाच ठेवला.