दुरुस्ती कट्ट्यावरचा रेडिओ

दुकान चालू होतं तेव्हा रेडिओवाल्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. गिऱ्हाइकानं गप्पा सुरू केल्या की म्हणत, "उद्या या, घेऊन जा." आणि उद्या म्हणजे उद्याच. बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती गेली, मग दुकानही मिटलं, आणि घरात स्वतःच्या खोकल्याची तेवढी सोबत उरली.

पुढे नगरपालिकेनं एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी अनुदान काढलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दुरुस्ती कट्टा. मोडकं घेऊन या, चहा प्या, बसा. दुरुस्तीला अर्थात रेडिओवाले.

तिथे निवृत्त नर्सबाई आपला जुना रेडिओ घेऊन आल्या. बिघाड किरकोळ, चहा निवायच्या आत सुटला असता. पण बाई समोर बसून वॉर्डातल्या गमती सांगू लागल्या आणि रेडिओवाले जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "जरा वेळ लागेल." हिवाळा सरला, उन्हाळा आला, रेडिओ आपला उघडाच. कट्ट्यावरचे चेष्टेनं विचारत, "काय हो, पेशंट अजून ॲडमिटच?"

अनुदानाची मुदत वाढवायची वेळ आली तशा पाहणीला नगरपालिकेच्या मॅडम आल्या. भल्या होत्या. "काका, माणसं येतात, हसतात, ते मला दिसतंय. पण वरचे विचारतात, दुरुस्त काय झालं? काहीतरी पुरं करून दाखवा, नाहीतर कट्टा बंद होईल."

कट्टा गेला की गुरुवारही गेला. रेडिओवाल्यांनी मन घट्ट केलं आणि टेबलावरचं सगळं हातावेगळं केलं. रेडिओसुद्धा.

तो गाऊ लागला तेव्हा नर्सबाई हसल्या नाहीत. "झाला?" एवढंच म्हणाल्या. मग पिशवीत ठेवता ठेवता हळूच, "पुन्हा बिघडला तर आणीन हं."

"माझ्या हातचा नाही बिघडत," रेडिओवाले म्हणाले. जन्माची खोड, तोंडून निघून गेलं.

"हो का," बाई म्हणाल्या आणि निघाल्या. न बिघडताही येत जा, एवढंच म्हणायचं होतं. ते रेडिओवाल्यांना दार लोटलं गेल्यावर सुचलं.

अनुदान मंजूर झालं. खोलीत नवा पंखा आला, दोन माणसंही नवी आली. रेडिओवाले बोलतात त्यांच्याशी, पण नजर दाराकडे. नर्सबाईंची आठवण येते, फार येते. एखादा जोड कच्चा राहिला असेल, एखादी तार सुटेल, अशी आशा धरावी म्हटलं तर तीही धरता येत नाही. काम त्यांनी स्वतः केलं होतं.