ताईत मिळणार नाही

आमचं पहिलं मूल तापाने गेलं आणि माझी बायको बोलायचीच बंद झाली. स्वयंपाक करी, कपडे वाळत घाली, विचारलं तर मान हलवी. अंधेरीतल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती नुसती झोपायची.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातून मुंबईत आलेले ज्यू. घरात मराठी आणि प्रार्थना हिब्रूत, तीही बरीचशी न समजता पाठ केलेली. आमच्यातलेच एक निवृत्त मास्तर घाटकोपरला रविवारी कब्बाला शिकवतात, असं कळलं. कब्बाला म्हणजे आमच्या धर्मातली गूढविद्या. मला वाटलं, देवाचं एखादं गुप्त नाव असेल, ते लिहून उशीखाली ठेवलं की ही बोलेल.

मास्तरांनी चहा पुढे करत विचारलं, "कशाला आलास रे?"

मी सगळं सांगितलं.

"ताईत हवा असेल तर बाहेर बुवा पुष्कळ आहेत. इथे मिळणार नाही."

"मग इथे काय मिळेल?"

"अक्षरं. आधी ती नीट शिक."

शिकायला मुलुंडच्या एक विधवा मावशीही येत. त्यांची मुलं इस्राएलला गेली होती आणि पत्रं थांबली होती. मुलं आपल्याला बोलावतील का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आम्ही दोघं कित्येक महिने अक्षरंच घोकत बसलो.

मग एकदा मास्तरांनी सृष्टीची गोष्ट सांगितली. आधी सगळीकडे देवच होता, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. म्हणून तो स्वतःला आवरून मागे सरला आणि त्या मोकळ्या जागेत जग झालं. त्याने आपला प्रकाश भांड्यांत ओतला. भांड्यांना तो पेलवला नाही, ती फुटली.

"म्हणजे आपण राहतो तिथे तो नाहीच?" मावशींनी विचारलं.

"खापऱ्यांत त्या प्रकाशाच्या ठिणग्या अडकल्यात. त्या आपण वेचायच्या."

"माझ्या घरात कुठे आहे ठिणगी? दाखवा ना!" माझा आवाज चढला होता.

मास्तर रागावले नाहीत. "उभा जन्म हेच वाचतोय रे. मला दिसली असती तर तुझ्यापासून लपवली असती का?"

पुढच्या रविवारपासून मावशी आल्या नाहीत. काही दिवसांनी मास्तरांनाही त्यांच्या मुलीने इस्राएलला नेलं. निघताना म्हणाले, "वाचत राहा."

"कुणाबरोबर?" मी विचारलं. ते पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिले.

त्या संध्याकाळी बायको तांदूळ निवडत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला ती गोष्ट सांगितली. तिचा हात थांबला.

"मागे सरला ना? मग राहू दे तिकडेच. बोलावू नका त्याला."

मला आनंद व्हायला हवा होता. त्यानंतर ती बोलू लागली, पण कामापुरतंच. मीठ संपलंय. नळ गेला. बाळाचं नाव मात्र कधीच नाही. शब्बाथचा, एरवी घरच्या बाईने लावायचा शुक्रवारचा दिवा मीच लावू लागलो. तेव्हा ती गॅलरीत जाऊन उभी राही आणि माझी प्रार्थना संपेपर्यंत आत येत नसे.